तीस घरांचा ट्रे

उन्हाला अजून धार यायची होती, पण बटाट्याच्या शेडच्या दारात भांडण मात्र चांगलंच तापलं होतं. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला मुकादमीण आणि दोघांच्या मध्ये, उपड्या ठेवलेल्या क्रेटवर, अंड्यांचा एक रिकामा ट्रे. रिकामा म्हणजे अंड्यांपुरता रिकामा. पुठ्ठ्याच्या त्या तीस खळग्यांत गोट्यांएवढे आठ बटाटे मोठ्या ऐटीत बसले होते.

"मावशी, हे काय आहे ते मला आज कळलंच पाहिजे," मालक म्हणाला.

"बटाटे आहेत, मालक."

"ते मलाही दिसतंय. मी बटाटेच पिकवतो."

"मग विचारता कशाला?"

मालकाने एक मोठा श्वास घेतला. तो तसा वाईट माणूस नव्हता. बोलायला लागला की तोंडाचा पट्टा थांबायचा नाही एवढंच. आणि या मावशीपुढे त्याचा पट्टा नेहमी घसरायचा, याचा त्याला राग होता.

"रोज सकाळी तुम्ही आणि तुमची सून या ट्रेसमोर उभ्या राहता. कुजबुजता. या बटाट्याला तिकडे, त्या बटाट्याला इकडे. आणि मग दोघी-तिघी जणी रानात यायचं सोडून सावलीत पोती शिवत बसतात. हा जुगार आहे का जादूटोणा?"

"कामाची वाटणी आहे."

"वाटणी मी करत होतो तेव्हा सगळ्या रानात असायच्या!"

"असायच्या की. आणि दुपारनंतर निम्म्या बांधावर पोट धरून बसायच्या, ते तुम्हाला दिसायचं नाही. तुम्ही दुपारी झोपलेले असायचे."

मालकाने विषय बदलला. बोट आभाळाकडे केलं. पश्चिमेला डोंगराच्या पाठीमागून ढगांची एक कड वर आली होती. अजून पांढुरकीच, पण पोट काळं. हवा कोंडलेली होती. मातीला वास सुटला नव्हता, तरी सुटणार आहे असं नाकाला आतून वाटत होतं. खणायचं यंत्र मोडल्यामुळे दोन दिवस काम बंद पडलं होतं आणि खालच्या रानातल्या चाळीस सऱ्या तशाच उभ्या होत्या. ओला बटाटा पोत्यात गेला, की तिसऱ्या दिवशी ते पोतं शोधायला डोळे लागत नाहीत, नाक पुरतं.

"संध्याकाळी पाऊस आहे. मोबाईलवरही आलंय. आज खालचं रान मोकळं झालं पाहिजे."

"होईल."

"आणि नाही झालं तर?" मालकाने ट्रेवर बोट ठेवलं. "तर उद्यापासून हे बंद. कुणी कुठे काम करायचं ते मी ठरवणार, आणि सगळ्या रानात. बसून काम एकीलाही नाही. कबूल?"

मुकादमिणीने ट्रेकडे पाहिलं. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि तिच्या मनात आनंदाची अशी काही उकळी फुटली की ती लपवायला तिला खोकावं लागलं. आठच्या आठ बटाटे मधल्या ओळींत होते. पहिली ओळ रिकामी, शेवटचीही रिकामी. महिनाभरात असा दिवस उगवला नव्हता.

"कबूल," ती म्हणाली. "लिहून घ्या पाहिजे तर. आज आठच्या आठ रानात. एकही बसणार नाही. आणि रान मोकळं झालं, तर पुन्हा या ट्रेबद्दल तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"ठरलं!" असं म्हणून मालक ट्रॅक्टरकडे गेला, आणि जाता जाता आपण फसलो की काय, या विचाराने त्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

या ट्रेची गोष्ट सहा आठवड्यांपूर्वी सुरू झाली होती.

वरच्या रानात वेचणी चालली होती. यंत्र सरी उलथत पुढे जायचं आणि मागून बायका कमरेत वाकून बटाटे टोपलीत गोळा करायच्या. सकाळपासून दुपारपर्यंत माणूस सरळ म्हणून व्हायचा नाही. त्या दिवशी मुकादमिणीची सून सरीच्या मधोमध गुडघ्यांत डोकं घालून बसली. मुकादमीण सवयीने ओरडली, "ऊठ गं! बटाटे काय चालत येणार आहेत टोपलीत?" सुनेने मान वर केली. चेहरा मातीसारखा झाला होता, ओठ दाताखाली धरून पांढरे पडले होते. ती उठली. चार पावलं चालली आणि टोपलीसकट खाली कोसळली.

तिला उचलून बांधावर आणताना मुकादमिणीला जे आठवलं ते सुनेचं नव्हतं, स्वतःचं होतं. पस्तीस वर्षं तीही अशीच वाकली होती. महिन्याचे ते दिवस आले की चिंधी घट्ट बांधायची, ओठ आवळायचे आणि सरी पुरी करायची. दुपारी शेडमागे जाऊन घाईघाईत चिंधी बदलायची आणि कुणी येत तर नाही ना, म्हणून बदलताना मान सारखी वळवायची. याला ती 'काटकपणा' म्हणत आली होती. पाळी कायमची थांबली त्या वर्षी तिला पहिल्यांदा कळलं होतं की आपण काटक नव्हतो, आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. पण हे कळूनही ती सुनेवर ओरडली होतीच. सासूपण कपाळावर लिहून येतं, पुसायला स्वतःचाच हात लागतो.

सून मात्र नुसती आडवी पडणाऱ्यांतली नव्हती. पोटावर गरम पाण्याची बाटली धरून ती तीन दिवस विचार करत राहिली आणि चौथ्या दिवशी अंड्यांचा ट्रे घेऊन उभी राहिली.

"आत्याबाई, आपल्याकडे कामं किती प्रकारची?"

"कामं? वेचायचं, वाहायचं, निवडायचं, पोती शिवायची."

"यातली बसून किती?"

"निवडायचं आणि शिवायचं."

"आणि ती कोण करतं?"

मुकादमीण अडखळली. ती कामं जी पहिल्यांदा सावलीत जाऊन बसेल ती करायची. म्हणजे तोफ. तोफ ही टोळीतली सगळ्यात धिप्पाड, सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. तिला हटवण्याची कुणाची छाती नव्हती.

"तेच म्हणते मी," सून म्हणाली. "महिन्याचे सगळे दिवस अंगात सारखं बळ नसतं. मग सगळे दिवस सारखं काम का?"

तिने ट्रे पुढे ठेवला. सहा ओळी, प्रत्येक ओळीत पाच घरं, एकूण तीस. प्रत्येकीचा एक छोटा बटाटा. पाळी आली की बटाटा पहिल्या घरात आणि ती बाई बसून कामाला. दाभण, सुतळी, सावली आणि शेजारी गरम पाण्याचा थर्मास. मग रोज बटाटा एक घर पुढे. दुसरी, तिसरी, चौथी ओळ म्हणजे अंगात वारं भरलेले दिवस. तेव्हा वाहायचं, उचलायचं. पाचवीत साधी वेचणी. सहावी ओळ आली की लवकर झोपायचं, भरपूर पाणी प्यायचं, आणि इतरांनी तिच्याशी जपून बोलायचं.

"आणि जिची पाळी तीस दिवसांनी येत नाही ती?" शिंप्याची बायको म्हणाली. तिला सगळ्या शिंपीण म्हणत. "माझी कधी चोविसाव्या दिवशी येते, कधी चौतिसाव्या. ती काय ट्रे बघून येते?"

"मग तुझा बटाटा चोविसाव्या घरातून उडी मारून पहिल्यात येईल. ट्रे आपल्यासाठी आहे, आपण ट्रेसाठी नाही."

टोळी हसली, आणि मग जिने तिने आपला बटाटा निवडला. लांबडीने लांबट निवडला. सगळ्यात लहान मुलीने, जिला सगळ्या धाकटी म्हणत, सुपारीएवढा. तोफेने दोन डोकी असलेला ओबडधोबड गोळा उचलला आणि म्हणाली, "हा मी. पण मला कुठल्याच दिवशी काही होत नाही बरं का. माझ्या पोटात दुखायची दुखण्याचीच हिंमत नाही."

आठ दिवसांतच फरक दिसला. शेडमागे पत्र्याचा आडोसा उभा राहिला, त्याला आतून कडी लागली, आत पाण्याचं पिंप आलं. दुपारी बांधावर बसणं कमी झालं. सहाव्या ओळीतली बाई ओळखून तिच्याशी वाद टाळल्यामुळे भांडणंही निम्म्यावर आली. फक्त एक गोष्ट मुकादमिणीच्याने झाली नाही. रोज सकाळी एकेकीला तोंडाने विचारणं. 'तुझी आली का गं' हे चार शब्द तिच्या घशातून वर येईनात. ते काम सून करायची. मुकादमीण ट्रे बघायची.

आणि सून दोन दिवस माहेरी गेली होती, आज सकाळच्या बसने परतायची होती.

तर त्या सकाळी मालक ट्रॅक्टरकडे गेला आणि बायका यायला लागल्या.

पहिली आली लांबडी. "राम राम मावशी" म्हणाली, टोपल्यांच्या ढिगाऱ्याला वळसा घातला आणि सरळ दाभणांच्या डब्याकडे गेली.

"अगं, अगं, तिकडे कुठे?"

"पोती शिवायला. काल संध्याकाळी आली."

मुकादमिणीने ट्रेकडे पाहिलं. लांबट बटाटा तिसऱ्या ओळीत छाती काढून बसला होता. ती म्हणाली, "असू दे, असू दे. एक काय, सातांत भागवू."

मग शिंपीण आली. तिने नुसतं पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"तुझीसुद्धा?"

"चोविसावा दिवस, मावशी. सांगितलं होतं ना मी."

धाकटी आली ती आईने दिलेली गरम पाण्याची बाटली ओढणीखाली लपवून, गाल लाल करून. शिंपिणीच्या मांडीला मांडी लावून बसली. मुकादमिणीने मनात मोजणी केली. पाच. पाच जणींत चाळीस सऱ्या. हरकत नाही, तोफ आहे. तोफ एकटी दोघींचं उचलते. तोफ असली की...

तोफ आली. दारात थांबली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि एवढ्या बारीक आवाजात बोलली की तो तिचाच आवाज आहे हे ओळखायला सगळ्यांना क्षणभर वेळ लागला.

"मावशी, एखादं दाभण उरलंय का?"



"तुझ्या तर पोटात दुखायची दुखण्याचीच हिंमत नसते ना?" लांबडी म्हणाली.

"आज झाली त्याची हिंमत!" तोफ कळवळली. "जास्त बोलू नकोस, नाहीतर दाभणाने तुझं तोंड शिवीन. सरक तिकडे."

चार जणी. आठांतल्या चार. मुकादमीण ट्रेपुढे मटकन बसली. त्याच वेळी तिची सून बसथांब्यावरून पिशवी घेऊन धापा टाकत आली, ट्रेकडे एक नजर टाकली आणि ओरडली, "हे कुणी केलं?"

"काय केलं?"

"आत्याबाई, परवा मी जाताना लांबडी एकोणतिसाव्या घरात होती! तोफ अठ्ठाविसाव्या! धाकटी तिच्या शेजारी! तिघी शेवटच्या ओळीत चिकटून बसल्या होत्या. या मधे कशा आल्या?"

तेव्हा शेडच्या दुसऱ्या दारातून केरसुणी हातात घेतलेली मालकाची आई, सगळ्यांची आजी, आत आली. ऐंशीच्या पुढची, वाळक्या शेंगेसारखी हलकी, पण हात अजून कामाला चटावलेले.

"मी केलं," ती अभिमानाने म्हणाली. "परवा शेड झाडून काढली. बघते तर एवढीएवढीशी पिल्लं एका कोपऱ्यात चेंगरून बसलेली. म्हटलं, एवढी जागा मोकळी आणि यांची दाटीवाटी कशाला? मधे ऐसपैस बसवली."

कुणी हसावं की रडावं हे कुणालाच कळेना. शेवटी हसू आलं ते तोफेला. ती पोट धरून हसली, हसताना दुखलं म्हणून कण्हली, कण्हताना पुन्हा हसली. मग लांबडी. मग धाकटी बाटलीसकट गडगडली. मुकादमीण मात्र हसली नाही. चूक आजीची नव्हती हे तिला कळत होतं. समोरून चालत आलेल्या बाईला चार शब्द विचारायचे सोडून तिने आठ बटाट्यांवर भरवसा टाकला होता आणि त्या भरवशावर सगळ्यांची सावली पणाला लावली होती.

हसण्याचा आवाज ऐकून मालक आला. त्याने सावलीत बसलेली चार डोकी मोजली आणि त्याचा चेहरा उजळला.

"काय मावशी? एकही बसणार नाही म्हणाला होतात ना?"

"तसं म्हणाले होते खरं."

"मग यांना काय झालंय?"

मुकादमिणीने सुनेकडे पाहिलं. सून पुढे होणार तोच आजीने केरसुणी भिंतीला टेकवली आणि नातवाला दूध पी म्हणावं तितक्या सहजपणे म्हणाली,

"पाळी आलीये त्यांना. दरमहा येते. तुझ्या बायकोला येते, तुझ्या बहिणीला येते, मला येत होती म्हणून तू झालास. आणखी काही विचारायचंय?"

मालकाला बरंच काही करावंसं वाटलं. त्यात विचारणं मात्र कुठेच नव्हतं. त्याने आभाळाकडे पाहिलं, ट्रॅक्टरच्या चाकाकडे पाहिलं, चाकाला हलकेच लाथही मारून पाहिली. कानाच्या पाळ्या तांबड्यालाल झाल्या होत्या.

"म्हणजे... तो ट्रे..."

"तो तेवढ्यासाठीच आहे," सून म्हणाली. "ज्या दिवशी जिच्या अंगात जे बळ, त्या दिवशी तिला ते काम."

"बरं, बरं," मालक घाईघाईने म्हणाला. "पण पाऊस काय ट्रे बघून पडणार आहे का? पैज ती पैज. चाळीस सऱ्या आहेत आणि उभ्या आहेत चार जणी."

"पाच," मुकादमीण म्हणाली आणि पदर खोचला. "मी पाचवी. माझा बटाटा आता ट्रेत नसतो, मला सगळे दिवस सारखे. आणि तुम्ही सहावे, मालक. ड्रायव्हर सातवा."

"मी?"

"रान कुणाचं आहे?"

मालकाने आईकडे पाहिलं. आईने केरसुणी पुन्हा हातात घेतली होती, आणि ती झाडायला घेतली आहे असं काही वाटत नव्हतं.

खरी युक्ती काढली ती सुनेने. आजवरची पद्धत अशी होती की रानात वेचायचं, टोपली डोक्यावर घेऊन चढ चढत शेडपर्यंत यायचं, ओतायचं, परत जायचं. निम्मा दिवस त्या चढावर जायचा. "बसणाऱ्या बसूनच राहतील," ती म्हणाली, "पण शेडमध्येच का? त्यांची सावली खाली नेऊ." दहा मिनिटांत ट्रॉली खालच्या रानाच्या कडेला उभी राहिली. तिच्या दांड्यांना ताडपत्री बांधून सावली झाली. चार जणी पोत्यांच्या गाद्यांवर टेकून बसल्या. पाठीला भुशाची पोती, मधे थर्मास, हातात दाभणं, शेजारी सुतळीची गुंडी. वेचलेली टोपली आता सरीपासून चार हातांच्या अंतरावर ओतली जाऊ लागली. निवडायचं तिथे, भरायचं तिथे, तोंड शिवायचं तिथे आणि शिवलेलं पोतं तिथल्या तिथे ट्रॉलीत. चढ गेला तो गेलाच.

"हे एवढ्या वर्षांत कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही?" ड्रायव्हर म्हणाला.

"कारण डोक्यावर टोपली होती," सून म्हणाली.

यंत्र सरीत घुसलं. काळी माती दुभंगून उलथली आणि आतले बटाटे, पिवळसर, चकचकीत, उजेडात येऊन पडले. मुकादमीण वाकली. सून वाकली. उरलेल्या तिघी वाकल्या. मालकही वाकला. सुरुवातीला त्याने दोन सऱ्या एका दमात मारल्या आणि बायकांकडे अशा नजरेने पाहिलं, की यात काय विशेष. तिसऱ्या सरीच्या मध्यावर त्याचा हात कमरेवर गेला. चौथ्या सरीला तो बसून वेचू लागला. पाचव्या सरीला गुडघ्यांवर आला.

"मालक, रांगताय का?" ट्रॉलीवरून तोफेने विचारलं. तिचा आवाज परत आला होता. "लहान बाळ चालायला लागायच्या आधी असंच करतं!"

"काम करा तुमचं!"

"आमचं झालंय! टोपली कुठाय? इथे चार दाभणं माश्या मारतायत!"

आणि ते खरं होतं. शिंपिणीचा हात असा चालायचा की सुतळी पोत्याच्या काठावरून साप सरकावा तशी सरकायची. लांबडी लांब बोटांनी एकाच वेळी तीन बटाटे उचलून कापलेला, किडका, चांगला असे वेगळे करायची. धाकटी दोन्ही हातांनी पोत्याचं तोंड ताणून धरायची. बसलेल्या बायका वाकलेल्यांच्या पुढे निघून गेल्या होत्या आणि वरून वाकुल्या दाखवत होत्या.

"माल पाठवा, माल!"

"मालक, तुमच्या टोपलीत माती जास्त आणि बटाटे कमी! रान भरताय का पोतं?"

"अहो, ते हिरवट कशाला टाकताय? हिरवा पडलेला बटाटा कुणी विकत घेतं का?"

मालक आधी चिडला, मग इरेला पेटला, आणि दुपारपर्यंत काय झालं कुणास ठाऊक, तोही ओरडायला लागला. "ही घ्या! शिवा! बघतो किती शिवता!" टोपली आपटून तो परत पळायचा, पळताना धोतराचा सोगा सरीत अडकून एकदा आडवा पडला, तोंडभर माती घेऊन उठला आणि थुंकत म्हणाला, "माती चांगली आहे हो माझ्या रानाची!" बायका हसून हसून लोळल्या. आजी बांधावरून सगळ्यांना पाणी पाजत फिरत होती आणि बसलेल्या चौघींना मात्र थर्मासमधलं गरम. "गार पिऊ नका गं पोरींनो," ती सांगायची. "मला कुणी सांगितलं नव्हतं." मग मुलाला थांबवून त्याच्या हातातही गरम पाणी द्यायची. "तूही घे. आज तुझा चेहरा त्यांच्यासारखाच दिसतोय."

तीन वाजता ढगांनी ऊन गिळलं. सावली एकदम सगळ्या रानावर पसरली आणि वाऱ्याने ताडपत्री फुगवली. अजून नऊ सऱ्या बाकी. मुकादमिणीच्या कमरेत आता कळ उठत होती. वयाची कळ, तिला ट्रे नव्हता. तिने सरीच्या टोकाला उभं राहून श्वास घेतला आणि ट्रॉलीकडे पाहिलं. तोफ उठू पाहत होती.

"बस खाली!" मुकादमीण ओरडली.

"मावशी, नऊ सऱ्या आहेत. मी आले तर..."

"आलीस तर आम्ही हरलो. मग रान मोकळं झालं काय अन् न झालं काय. बस!"

तोफ बसली. पण बसल्या बसल्या तिने आपल्या तोफेसारख्या आवाजात मोजायला सुरुवात केली. एक टोपली आली की "एक!", दुसरी आली की "दोन!" आणि त्या आकड्यांच्या तालावर सगळ्यांचे पाय चालू लागले. ड्रायव्हरने राहिलेल्या सऱ्या उलथून यंत्र बाजूला लावलं आणि तोही वेचायला उतरला. सात सऱ्या. पाच. वाऱ्याबरोबर मातीचा तो वास आलाच. तीन. पहिला थेंब धाकटीच्या नाकावर पडला आणि ती किंचाळली, "आला!" मालक शेवटच्या सरीत दोन्ही हातांनी, कोंबडीने उकरावं तसा उकरत होता. मुकादमीण समोरून येत होती. सरीच्या मधोमध दोघांची डोकी एकमेकांवर आपटली आणि मधला शेवटचा बटाटा दोघांनी एकदम धरला.

"सोडा, मावशी!"

"तुम्ही सोडा, माझ्या हातात आधी आला!"

"रान माझं आहे!"

"टोळी माझी आहे!"

सुनेने मधे हात घालून तो बटाटा काढून घेतला आणि टोपलीत टाकला. शिंपिणीने शेवटच्या पोत्याचा शेवटचा टाका ओढला, सुतळी दाताने तोडली. ट्रॉली चढावर निघाली. पुढे ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, वर चार जणी, खाली मागून ढकलणारे सहा जण, आणि सगळ्यांच्या मागे आजी. पोती शेडमध्ये गेली, दार ओढलं आणि आभाळ असं कोसळलं की पत्र्यावर कुणी खडी ओततंय असं वाटावं.

मालक पोत्यांच्या थप्पीवर उताणा पडला होता. त्याला सरळ होता येत नव्हतं. गुडघे दुमडून, पोटाशी गरम पाण्याची बाटली धरून तो पत्र्याकडे बघत होता. बाटली धाकटीची होती. तिनेच आणून दिली होती.

"मालक," मुकादमीण त्याच्या समोर उभी राहिली. पाठ दुखत होती, केसांत माती होती. तरी तिला बोलायचं होतं, आणि यावेळी तिने सुनेकडे पाहिलं नाही. "या चौघींना पाळी आली होती. चौघी बसल्या होत्या. रान मोकळं झालंय."

शब्द घशातून बाहेर पडले आणि काहीही झालं नाही. पत्रा कोसळला नाही, कुणाचे कान जळले नाहीत.

"दिसलं मला," मालक पत्र्याकडे बघत म्हणाला. "तो ट्रे राहू दे तिथे. आणि आई, त्याला तू हात लावू नकोस."

"बरं बाबा."

"उद्या किती जणी बसणार?"

मुकादमीण वळली आणि लांबडीपासून सुरुवात करून एकेकीच्या समोर उभी राहिली, आणि एकेकीला तोंडाने विचारलं. लांबडी बसणार. शिंपीण बसणार. धाकटी मान हलवून बसणार. "मीही," तोफ म्हणाली, "आणि आज सांगून ठेवते, परवाही." राहिलेल्या चौघींतली एक हळूच म्हणाली की तिचंही सकाळपासून ओटीपोट जड झालंय. पाच.

"पाच," मुकादमिणीने सांगितलं.

"आणि उद्या ट्रक येणार," मालक कण्हला. "ही सगळी पोती ट्रकवर चढवायची आहेत." त्याने डोळे मिटले. मग हात खिशात घालून, एकदा आई गं म्हणून, मोबाईल काढला आणि कानाला लावला.

"हॅलो, मेहुणे? ... नाही नाही, सगळं ठीक. उद्या सकाळी येता का जरा इकडे? ... छे, अवघड काही नाही हो. हलकंच काम आहे. आमच्या बायका रोज करतात."